चुडीमायची संमती

वडश्याहून सकाळी सुटणारी बस मुरमाघाटच्या फाट्यावर जेमतेम थांबते. उतरलं, की समोर पानठेला, त्यामागे तेंदूपत्ता वाळत घातलेलं मोकळं रान आणि त्या रानाला वळसा घालून गावाकडे जाणारी लाल वाट. पुढे कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून जायचं. नाहीदच्या आता इतक्या खेपा झाल्या होत्या, की पानठेलेवालाच तिला माणूस गाठून द्यायचा. "मोजणीवाल्या बाई आल्या, सोड रे यायले," असं म्हणून तो तिच्या हातात पाण्याचा गडू द्यायचा.

नदीवर धरण होणार होतं. निदान होणार असं ठरलं होतं. बुडीत क्षेत्रात येणाऱ्या गावांतली घरं, वाड्या, विहिरी, झाडं मोजायची आणि मालकांच्या संमत्या मिळवायच्या, असं काम ज्या संस्थेला मिळालं होतं तिथे नाहीद नोकरीला होती. पस्तिशीची, सडपातळ, बोलायला हळू. तिचे सहकारी गावात जाऊन धरणाचे फायदे सांगत बसायचे. नाहीद तसलं काही सांगत नसे. ती ओट्यावर बसायची, दिलेला चहा प्यायची, ऐकून घ्यायची. लोक भांडून थकले, की तिच्याशी बोलायला लागत, आणि बोलता बोलता एक दिवस सही करत. ऑफिसात तिचं कौतुक व्हायचं. तिला स्वतःला त्या कौतुकाचं काय करावं ते कळत नसे.

मुरमाघाटात शेवटचं राहिलेलं घर इस्तारी आणि कुंताबाईंचं. इस्तारीभाऊ धीवर, सत्तरीच्या पुढचे, अजून रोज नदीवर जाळं टाकणारे. कुंताबाई त्यांच्याहून थोड्या लहान. मुलगा अमर मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवायचा आणि फोनवर एवढंच म्हणायचा, "बाबा, देऊन टाका न बाप्पा, किती दिवस अडून बसता?" घर कवेलूच्या छपराचं, मागे नदीपर्यंत उतरत गेलेली वाडी. वाडीत भेंडी, वांगी, दोन आंबे, आणि थोरल्या आंब्याच्या सावलीत शेणानं सारवलेला, माणसाच्या लांबीचा एक उंचवटा.

पहिल्या दिवशी टेप धरून वाडीत फिरताना नाहीद त्यापाशी थांबली. तिला विचारावं लागलं नाही. असे उंचवटे तिनं लहानपणी पाहिले होते, भिंतीपलीकडून.

"कबर आहे ही?"

"चुडीमाय हाये," कुंताबाई म्हणाल्या. मग उंचवट्याकडे वळून, शेजारणीला सांगावं तशा आवाजात, "घर मोजाले आली पोरगी. वडश्याची हाये. तुह्याच गावची." एवढं बोलून त्या गप्प राहिल्या. ऐकताना माणूस मान जराशी कलती करतो, तशी त्यांची मान कलली होती. नंतर त्या नाहीदकडे पाहून म्हणाल्या, "चाल, चहा घे."

चहा पिताना इस्तारीभाऊंनी सगळं सांगितलं. ते लहान होते तेव्हा वडश्याहून एक मुसलमान बाई बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन नदीकाठची गावं करायची. एका पावसाळ्यात नदी चढली, बाई गावातच अडकली. तिला ताप भरला. पूर उतरायच्या आधीच ती इथे, याच घरात गेली. तिचं नाव कोणाला माहीत नव्हतं. सगळे चुडीवाली म्हणायचे.

"माह्या बापाले, कोलूले, एवढंच माहीत, का यायच्यात जाळत नाई, पुरतेत," इस्तारीभाऊ म्हणाले. "मंग त्यानं आपल्याच वाडीत खड्डा केला. वरून टाकाले लाकडाच्या पाट्या कुठी होत्या? जुना डोंगा होता, मासोळी धराची नाव, तोच पालथा घातला तिच्यावर. पावसात भिजू नये म्हून."

पूर उतरल्यावर कोलू वडश्याला जाऊन विचारपूस करून आला होता. कोणाची बाई हरवली आहे असं कोणी म्हणालं नाही. मग ती इथलीच झाली. कुंताबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांची आई नुकतीच वारलेली. सासरी मन मोकळं करायला कोणी नव्हतं. भाजी तोडायला वाडीत गेल्या, की त्या चुडीमायपाशी बसून बोलायच्या. ते बोलणं पन्नासएक वर्षं चाललं होतं.

"घर आमचं, वाडी आमची," कुंताबाई म्हणाल्या, "पन तिची बी हाये का नाई? तिले इचारल्याबिगर मी कशी देऊ?"

"मग विचारा," नाहीद हसून म्हणाली.

कुंताबाई हसल्या नाहीत. "इचारलं. बोलून नाई राह्यली."

ऑफिसात नाहीदनं हे सांगितलं तेव्हा साहेबांनी कपाळाला हात लावला. कबर कोणाची, वारस कोण, हे माहीत नसेल तर तिच्यापुरती संमती द्यायची कोणी? शेवटी ते म्हणाले, "जमीन इस्तारीची, संमती इस्तारीची. त्यांना कबर हलवून हवी असेल तर नवीन गावठाणात दफनभूमीला जागा ठेवलीच आहे. तुम्हीच बघा ना मॅडम ते. तुमच्यातलंच आहे."

"बघते," नाहीद म्हणाली आणि मान खाली घालून बाहेर आली.

मे महिन्याच्या मध्यावर ती पुन्हा गेली. भर दुपार होती. गाव दारं लावून पडलं होतं. मोहाच्या टोळांचा, म्हणजे बियांचा, तेलकट गोड वास हवेत अडकून राहिला होता. ओट्यावर इस्तारीभाऊ जाळ्याचीच उशी करून झोपलेले. कुंताबाई घरात नव्हत्या. नाहीद सावलीला टेकून बसली.

बसल्या बसल्या तिला मागून वाडीतून बांगड्यांचा आवाज ऐकू आला. बाई झाडून काढत असली, की हात पुढे मागे होताना काचा एकमेकींवर आपटतात, तसा. थांबून थांबून, एका लयीत. कुंताबाई मागेच आहेत तर, असं म्हणून नाहीद उठली आणि घराला वळसा घालून वाडीत गेली.

वाडीत कोणी नव्हतं. आंब्याखालची जमीन नुकतीच झाडलेली होती. खराट्याच्या रेघा मातीवर ताज्या, एकीवर एक अर्धवर्तुळात उमटलेल्या, आणि त्या रेघांवर एकही पाऊल नव्हतं. नाहीद काठावर उभी राहिली. तिनं डोकं चालवलं. कुंताबाईंनी जाताना झाडलं असेल, मागे मागे सरत. आवाज शेजारच्या घरातला असेल. उन्हात आवाज कुठून येतो ते कळत नाही.

थोड्या वेळानं कुंताबाई नदीकडून आल्या. डोक्यावर सुकटीची पाटी होती. वाडीत पाय ठेवताच त्या थबकल्या, झाडलेल्या मातीकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"बरं झालं वं माय," त्या मातीकडे पाहून म्हणाल्या. मग पाटी उतरवून उंचवट्याशी बसल्या. नाहीद लांब उभी राहिली. तिला वाटलं, आपण इथे असायला नको. पण पाय निघेना.

कुंताबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "येतो म्हन्ते. सोबतच येतो म्हन्ते. पन न्यायले तुह्या बापानं यावं म्हन्ते."

नाहीद दचकली. वडील कबरी खणतात हे तिनं इथे कोणालाच सांगितलं नव्हतं. ऑफिसातही नाही. जाफर वडश्यात गवंडीकाम करायचे. जमातीत कोणी गेलं की कबर त्यांच्या हातची, हे पुष्कळ वर्षांचं चालत आलेलं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, पण कोणी विचारलंही नव्हतं. इस्तारीभाऊ वडश्याच्या बाजारात मासोळी विकतात, त्यांना तिथे कळलं असेल. हो, तसंच असेल. तिनं ते मनाशी पक्कं केलं आणि संध्याकाळच्या बसनं घरी गेली.

जाफर अंगणात खाटेवर बसून दाढी विंचरत होते. पत्नी खुर्शीदा गेल्यापासून बापलेक दोघंच घरात. नाहीदनं सगळं सांगितलं. खराट्याच्या रेघांचं तेवढं सांगितलं नाही.

"अब्बा, अशी कबर हलवता येते?"

"विनाकारण उघडत नाहीत, बेटा. पाण्याखाली जाणार असेल तर गोष्ट वेगळी. मौलानांना विचारतो." मग त्यांनी कंगवा खाटेवर ठेवला. "परक्या माणसानं वाडीत जागा दिली. वर डोंगा घातला. एवढं कोण करतं?"

मौलाना हो म्हणाले. जुम्म्यानंतरच्या दिवशी जाफर आपलं सब्बल म्हणजे पहार, फावडं आणि एक पांढरी चादर घेऊन नाहीदबरोबर मुरमाघाटला आले. इस्तारीभाऊ फाट्यापर्यंत सामोरे गेले होते. त्यांनी जाफरांच्या हातातलं फावडं घेतलं.

"या जाफरभाऊ."

"चला भाऊ."

उंचवट्याशी येताच जाफर खाली बसले. त्यांनी तळवा मातीवर ठेवला.

"ही बसली केव्हा?"

नाहीदनं पाहिलं. ती मागच्या वेळी आली तेव्हा उंचवटा आंब्याच्या मुळांच्या वर होता. आता मधोमध खोलगट झाला होता, खाटेची सुतळी सैल पडावी तसा. वरचं सारवण मात्र कुठेही तडकलेलं नव्हतं.

"कालपरवापास्न," कुंताबाई म्हणाल्या. "मले वाटलं, पानी मुरलं."

"उन्हाळ्यात?" जाफर म्हणाले आणि चादर उलगडू लागले.

बाईची कबर, म्हणून आडोसा हवा. कुंताबाई, नाहीद, शेजारच्या गिरजाबाई आणि इस्तारीभाऊ, चौघांनी चादरीची चार टोकं धरली. जाफर आत उतरून खणू लागले. माती सहज निघत होती. ओलसर होती. आंब्यावर एक भारद्वाज घुमत होता, तो मध्येच गप्प झाला. फावडं लाकडावर लागलं.

डोंगा शाबूत होता. कोलूनं घातला तसाच, पालथा. काळा पडलेला, पण वाळवी नाही, कूज नाही. जाफरांनी हातानं माती बाजूला केली, बिस्मिल्ला म्हटलं आणि इस्तारीभाऊंना खुणावलं. गिरजाबाईंनी इस्तारींचं टोक आपल्या दुसऱ्या हातात घेतलं. दोघा म्हाताऱ्यांनी मिळून डोंगा उचलून कडेला टेकवला.

चादर धरलेल्या बायका वाकल्या.

खाली काहीच नव्हतं.

हाड नव्हतं, केस नव्हता, कापडाचा धागा नव्हता. फक्त माती. आणि मातीत एक ठसा. खांद्याचा खड्डा, कमरेचा खड्डा, दुमडलेल्या गुडघ्यांचा. कुशीवर झोपलेलं माणूस नुकतंच उठून गेलं, की गादीवर राहतो तसा. गालाखाली हात घेऊन झोपलेली असावी. मनगटाच्या जागी मातीत बारीक कड्या उमटल्या होत्या, एकीला लागून एक.

जाफरांनी त्या ठशाला हात लावला नाही. ते पाऊल जपत हळूच वर आले.

कुंताबाईंनी चादर सोडून दिली. मटकन जमिनीवर बसल्या. "गेली," त्या म्हणाल्या. "मले न सांगता गेली वं. कुठी गेली असन? तिले काय माहीत नवं गावठान कुठी हाये ते? वाट चुकन माही माय." आणि त्या हुंदके देऊन रडायला लागल्या. इस्तारीभाऊ त्यांच्या पाठीवर हात ठेवायला गेले, पण त्यांचा हात मध्येच थांबला.

"मी नाई येत मंग," कुंताबाई रडता रडता म्हणाल्या. "ती इथी परत आली, अन् कोनीच नसलं तं? मी नाई उठत इथून. पानी आलं तं येऊ द्या."

इतकी घरं नाहीदनं मोजली, इतक्या माणसांना उठवलं. पण एवढं खरं भांडण तिच्याशी कोणी केलं नव्हतं.

तेव्हा जाफर, जे कधी अशा गोष्टी बोलत नसत, कुंताबाईंच्या समोर उकिडवे बसले. "बाई," ते म्हणाले, "तिचं आवरून झालं असेल. आपल्यालाच उशीर झाला. जिथे झोपली तिथली माती घेऊन जाऊ. मातीच्या मागे माणूस येतंच."

कुंताबाईंनी डोळे पुसले. घरात जाऊन एक कोरं लुगडं फाडून आणलं. जाफरांनी ठशातली माती ओंजळीओंजळीनं त्यात भरली. डोंगा इस्तारीभाऊंनी परत खड्ड्यावर पालथा घातला, जसा होता तसा.

नवीन गावठाण फाट्यापलीकडे उंच माळावर. चुन्याच्या रेघा मारून भूखंड पाडलेले, विजेचे खांब उभे, त्यावर तारा नाहीत. झाड म्हणून एक नाही. टेम्पोतून उतरताना मुरुम पायाला भाजत होता. कुंताबाईंनी गाठोडं छातीशी धरलं होतं, तान्ह्या लेकराला ऊन लागू नये म्हणून धरतात तसं.

दफनभूमीचा तुकडा टोकाला होता. जाफरांनी सब्बल मारलं तर ठिणगी उडाली. दुसरीकडे मारलं, तिथेही दगड. "पाऊस पडेपर्यंत हे कठीण आहे," ते म्हणाले. "उद्या मशीन बोलवावं लागेल."

कुंताबाई तोवर पुढे चालत गेल्या होत्या. तुकड्याच्या पश्चिम कडेला त्या थांबल्या.

"इथी," त्या म्हणाल्या.

जागा बाकीच्या माळासारखीच होती. तसाच लाल मुरुम, तशीच खुरटी कुसळं. जाफरांनी तिथे सब्बल नुसतं टेकवलं.

ते आपल्याच वजनानं आत गेलं. मुठीपर्यंत.

जाफरांनी सब्बल बाहेर काढलं. टोकाला ओली माती होती. त्यांनी नाहीदकडे पाहिलं. नाहीदनं इस्तारीभाऊंकडे. मग दोघं म्हातारे खणायला लागले. खणायचं काय, वरचा सैल मुरुम बाजूला करायचा होता, एवढंच.

आत कबर तयार होती.

सरळ उतरलेली, काठ साफ, आणि तळाशी पश्चिमेच्या भिंतीत, प्रेत ठेवायला, आडवी कोरलेली बगल. जसं असायला हवं तसं सगळं.

"ठेकेदाराच्या माणसांनी खणून ठेवली असेल," नाहीद म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला.

जाफर आत उतरले. भिंतीवरून हात फिरवला. "फावड्याची खूण नाही," ते खालून म्हणाले. "बोटांच्या आहेत."

तळाशी रेती अंथरलेली होती. बारीक, पांढरी, ओली. नदी त्या माळापासून किती लांब होती.

जाफर बगलेत वाकले आणि तसेच राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, "एवढी रुंद कशाला?"

कुंताबाई काठाशी पोटावर आडव्या झाल्या आणि आत डोकावल्या. दिवसभर रडून सुजलेल्या त्या चेहऱ्यावर हसू आलं.

"माही जागा ठेवली वं तिनं," त्या म्हणाल्या.

इस्तारीभाऊ घाम पुसत उभे होते. त्यांचा चेहरा पडला. "अन् माही कोन ठेवन?"

"मी ठेवीन ना," कुंताबाई आडव्या असतानाच म्हणाल्या. "मी काय तुमाले बाहेर ठेवीन?"

जाफरांनी गाठोडं आत घेतलं. बगलेत एका कडेला ठेवलं. दुसरी कडा तशीच मोकळी राहिली. ते वर आले, हात उचलून त्यांनी दुआ मागितली. इस्तारीभाऊंनी टोपी काढली. मग माती द्यायची वेळ आली.

"तू बी टाक," कुंताबाई नाहीदला म्हणाल्या.

नाहीद मागे सरली. त्यांच्यात बायका दफनाला येत नाहीत, माती देत नाहीत. दोन वर्षांपूर्वी आईला नेलं तेव्हा ती दारात उभी राहून जनाजा गल्लीच्या वळणापर्यंत पाहत राहिली होती. वळणापुढचं तिनं पाहिलं नव्हतं. आईच्या अंगावर मातीचा एक कण तिच्या हातचा पडला नव्हता.

तिनं वडिलांकडे पाहिलं. जाफर काठाशी जरा सरकले, तिच्यापुरती जागा झाली एवढे.

नाहीदनं मूठ भरली. माती ओली आणि गार होती. ती सोडताना तिला आवाज यायला हवा होता असं वाटलं, पण आवाज आला नाही. खाली कोणीतरी हात पुढे करून झेलावी तशी ती माती गेली.

घरी येऊन जाफरांनी हातपाय धुतले, नमाज पढली, चहा समोर ठेवला तो निवून गेला.

"अब्बा, काय झालं?"

"काही नाही." मग चहाच्या कपाकडे पाहत, "बगलेला मी उशाकडून जरा गोलाई ठेवतो. सगळे चौकोनी ठेवतात, मी पण ठेवायचो. तुझ्या अम्मीची खणली तेव्हा हात चौकोनी जाईना. डोकं आपटेल असं वाटलं. तेव्हापासून गोल ठेवतो. कोणाला सांगितलेलं नाही, आणि माती पडल्यावर कोणाला दिसतही नाही." ते थांबले. "तिथे गोलाई होती, बेटा. मी खणली असती तर अशीच खणली असती."

नाहीदनं दुसरा चहा ठेवला. तेवढंच तिला सुचलं.

पुढल्या आठवड्यात कुंताबाई आणि इस्तारीभाऊंनी सह्या केल्या. पावसाच्या आत ते नव्या गावठाणात राहायलाही गेले. नाहीदची बदली मुलचेऱ्याकडच्या कामावर झाली. धरणाचं गाडं कुठल्याशा मंजुरीपाशी अडलं होतं. कोणी म्हणे होणार, कोणी म्हणे होणारच नाही. मुरमाघाट ओस पडला आणि नदी आपली खालून वाहत राहिली.

हिवाळ्यात वडश्याच्या भिंती झाडीपट्टीच्या नाटकांच्या रंगीत पोस्टरांनी भरल्या, तेव्हा रजेवर आलेली नाहीद एक दिवस सहज कुंताबाईंना भेटायला गेली. माळावर आता घरं उभी राहिली होती. कुंताबाईंनी दारात कोथिंबीर लावली होती. त्या आधीपेक्षा तब्येतीनं बऱ्या दिसत होत्या. इस्तारीभाऊ बाजारात गेले होते.

चहाची कपबशी पुढे करताना कुंताबाईंचे हात किणकिणले. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. नाहीद पाहत राहिली. बांगड्या मनगटाला इतक्या बेताच्या होत्या, आणि कुंताबाईंची बोटं तर वातानं गाठीगाठींची झालेली. त्या गाठींवरून एवढी लहान बांगडी चढवायची म्हणजे काच फुटल्याशिवाय राहिली नसती.

"कोणी भरल्या हो?"

कुंताबाईंनी पदरानं बशी पुसली. "इथी कोन येते बाप्पा विकाले?" त्या म्हणाल्या, आणि लाजल्यासारख्या हसल्या. "काईच दुखलं नाई. हात कसा मऊ हाये तिचा."

नाहीदनं चहा संपवला. बाहेर ऊन स्वच्छ पडलं होतं. कोणाचं तरी रेडिओवर गाणं चाललं होतं. निघताना कुंताबाई तिला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. बस येताना दिसली तेव्हा त्यांनी नाहीदच्या मोकळ्या मनगटाकडे पाहिलं.

"तुह्या हाताचं माप इचारत होती," त्या म्हणाल्या.

"मग? तुम्ही काय सांगितलं?"

"मी काय सांगू? म्हटलं, पोरगी आली का तूच घे."

बस जवळजवळ रिकामी होती. नाहीद खिडकीशी बसली. शेजारची सीट मोकळी. फाटा मागे पडला, धानाची कापलेली शेतं लागली, लांब कुठेतरी धसकटं जळत होती त्याचा वास आला. तिनं हात मांडीवर ठेवला होता.

कोणीतरी तो हातात घेतला.

गार, मऊ बोटांनी तिचा तळवा दाबला. अंगठा हलकेच आत मोडला. चारही बोटं जुळवून, हाडांवरून दाब देत, थांबून, पुन्हा एकदा. काचेची कड कुठून कशी सरकेल ते बघावं तसं. अगदी सवयीच्या, मायेच्या हातानं.

नाहीद समोर रस्त्याकडे पाहत राहिली. तिनं हात काढून घेतला नाही. उलट बोटं सैल सोडली, आणि शेजारी बसायला पुरेल इतकी खिडकीकडे सरकली.